पाणनिवळी आणि साबणाचा फेस

एका तळ्यात राहायची एक पाणनिवळी. एवढुश्शी! किड्याचं तिळाएवढं अंग आणि दोऱ्यासारखे लांब लांब पाय. ती पाण्यात पोहायची नाही बरं का. ती पाण्यावर धावायची. सुर्र सुर्र, सुर्र सुर्र! पाय काही बुडायचे नाहीत.

तळ्यात एक पान तरंगत होतं. पानाला चिकटली होती तिची तीन अंडी. आठ दिवसांनी पिल्लं येणार होती.

त्याच दिवशी काय झालं? पोळा आला जवळ. पोळा म्हणजे बैलांचा सण. मथुराकाकीने बैल तळ्यावर आणला. कपडे धुवायच्या पावडरीची अख्खी पुडी त्याच्या पाठीवर ओतली. बैल म्हणजे काय सदरा आहे होय? घास घास घासला! सगळा फेस तळ्यात.

पाणनिवळीने टाकलं पाऊल. डुबुक! दुसरं टाकलं. डुबुक! साबणाचं पाणी तिला धरेचना. कशीबशी काठावर आली आणि लागली रडायला.

"आता गं बाई! पिल्लं बाहेर आली, की बुडणार माझी!"

मग तिने डोळे पुसले. रडून का फेस जातो? ती निघाली फेसाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"फेसा फेसा, जा ना!
पिल्लं माझी चालतील कशी?"

फेस म्हणाला, "वा गं वा! मी का जाऊ? गाळ मला खाईल, तर मी जाईन."

ती गेली गाळाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. गाळाच्या पोटात असतात इवले इवले जंतू. डोळ्यांना दिसत नाहीत, पण खादाड म्हणजे खादाड!

"गाळदादा, फेस खा ना!
फेस काही जाईना,
पिल्लं माझी चालतील कशी?"

गाळ म्हणाला, "खाल्ला असता गं. पण माझ्या जंतूंना लागलाय दम. शेवाळ हवा देईल, तर मी खाईन."

ती गेली शेवाळाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"शेवाळताई, हवा दे ना!
गाळ फेस खाईना,
फेस काही जाईना,
पिल्लं माझी चालतील कशी?"

शेवाळ म्हणालं, "दिली असती गं. पण उन्हाशिवाय हवा करू कशी? ऊन खाली येईल, तर मी देईन."

ती चढली उंच दगडावर. तुरु तुरु, तुरु तुरु. मान केली वर.

"सूर्यआबा, ऊन द्या ना!
शेवाळ हवा देईना,
गाळ फेस खाईना,
फेस काही जाईना,
पिल्लं माझी चालतील कशी?"

सूर्य म्हणाला, "मी तर तयार आहे, बाळ. पण काठावरच्या उंबराचा पाला मध्ये येतो. पाला बाजूला होईल, तर ऊन येईल."

ती गेली उंबराकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"उंबरभाऊ, पाला बाजूला घे ना!
ऊन खाली येईना,
शेवाळ हवा देईना,
गाळ फेस खाईना,
फेस काही जाईना,
पिल्लं माझी चालतील कशी?"

उंबर म्हणाला, "झाडाला कुठं हलता येतं, बये? शेळी पाला तोडेल, तर तो बाजूला होईल."

ती गेली शेळीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"शेळीमावशी, पाला तोड ना!
पाला बाजूला होईना,
ऊन खाली येईना,
शेवाळ हवा देईना,
गाळ फेस खाईना,
फेस काही जाईना,
पिल्लं माझी चालतील कशी?"

शेळी म्हणाली, "में में! खायला मी एका पायावर तयार! पण गळ्यात दावं आहे ना. काकी दावं सोडेल, तर मी तोडेन."

ती गेली मथुराकाकीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. काकीने आणला होता दुसरा बैल. हातात होती दुसरी पुडी! पाणनिवळी चढली थेट काकीच्या नाकावर.

"काकी काकी, दावं सोड ना!
शेळी पाला तोडेना,
पाला बाजूला होईना,
ऊन खाली येईना,
शेवाळ हवा देईना,
गाळ फेस खाईना,
फेस काही जाईना,
पिल्लं माझी चालतील कशी?"

काकी म्हणाली, "थांब गं! शेळी मागून सोडते. आधी बैल धुते. शेजारीण म्हणाली, पावडरीने बैल चमचम चमकतो."

"चमकतो? जरा बघ तरी त्याच्याकडं!"

काकीने पाहिलं. पहिल्या बैलाचे डोळे लालेलाल. पाठीला सुटली खाज. झाडाला पाठ घासतोय, खसाखसा खसाखसा! मग तिने पाहिलं तळ्याकडे. फेसच फेस!

"अगं बाई! हा सगळा घोळ माझाच की!" काकी म्हणाली. "ठेवली बाई पुडी! बैलाला साधं पाणी आणि गवताचा बोळा पुरे."

मग काय! काकीने दावं सोडलं. सटक्!
शेळीने पाला तोडला. कुरुम कुरुम!
पाला झाला बाजूला. सळसळ!
ऊन आलं खाली. लख्ख!
शेवाळाने दिली हवा. बुडबुड बुडबुड!
गाळाने फेस खाल्ला. मचमच मचमच!

आणि फेस गेला? छे! फेस का फुंकर मारली की जातो? पहिल्या दिवशी गेला चिमूटभर. दुसऱ्या दिवशी गेला मूठभर. गाळ खातच होता. मचमच मचमच! फेस ओरडला, "अरे अरे, संपलो की!" सातव्या दिवशी उरला एकच बुडबुडा. फुस्स!

आठव्या दिवशी अंडी फुटली. टिक! टिक! टिक! तीन पिल्लं आली बाहेर. पाणनिवळीने रोखले डोळे त्यांच्या पायांवर.

पहिल्या पिल्लाने टाकलं पाऊल. बुडालं का?

नाही!

सुर्र! दुसरं पिल्लू, सुर्र! तिसरं पिल्लू, सुर्र! आणि त्यांच्या पुढे आई, सुर्र सुर्र सुर्र!

पिल्लं धावली पाण्यावर,
गोष्ट पोचली काठावर.