पाचवा डोळा

फार वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या एका गावात दर हिवाळ्यात एक वैद्य यायचा. तो मोतीबिंदू काढायचा. पण त्याचं औषध मोठ्या मुश्किलीनं मिळे. एका खेपेला ते जेमतेम पाच डोळ्यांना पुरायचं.

त्या वर्षी पहाटेपासून देवळासमोर रांग लागली. वैद्यानं एकेकाला तपासलं. ज्यांचे दोन्ही डोळे गेले होते, अशा चौघांना त्यानं प्रत्येकी एका डोळ्यासाठी निवडलं. आता एकाचंच औषध उरलं.

रांगेत सर्वांत पुढे गावचा कापडवाला होता. तो म्हणाला, "वैद्यबुवा, मी कोंबडा आरवायच्या आधी आलोय. मला काही म्हणजे काही दिसत नाही!"

तेवढ्यात कुंपण चाचपत एक म्हातारी आली आणि चुकून रांगेच्या पुढेच येऊन थांबली.

"ए आजी!" कापडवाला ओरडला. "ठिगळाच्या हिरव्या लुगड्यातली! मागे हो!"

सगळे हसले. कापडवाल्यानं जीभ चावली.

वैद्य मात्र हसला नाही. त्यानं म्हातारीचे डोळे तपासले; दोन्हींत पिकलेला मोतीबिंदू होता. त्यानं विचारलं, "आजी, घरी कोण असतं?"

"दोन वर्षांचा नातू. आम्ही दोघंच. तो बडबडत असला की त्याच्या आवाजामागं फिरते. काल मात्र एकदम गप्प झाला. झोपला की विहिरीकडं गेला, मला कळेना. अंगण रांगत रांगत शोधलं. गवताच्या गंजीत झोपला होता."



वैद्य कापडवाल्याला म्हणाला, "शेटजी, मोतीबिंदू तुम्हालाही आहे. पण एकाच डोळ्यात, आणि तो अजून पिकलेला नाही. वर्षभर थांबलात तर काही बिघडणार नाही. आजींचं काय, ते तुम्हीच सांगा."

कापडवाल्यानं मान खाली घातली. मग त्यानं म्हातारीचा हात धरला आणि तिला स्वतःच्या जागी बसवलं. "खोटं बोललो, आजी. तुम्ही आधी."

सातव्या दिवशी पट्टी सुटली. समोर शेजारणीच्या कडेवर नातू होता. म्हातारीनं डोळे किलकिले केले, त्याला नीट न्याहाळलं आणि ती म्हणाली, "अगं बाई, नाक किती वाहतंय याचं!" मग पदरानं त्याचं नाक पुसता पुसता ती हसू लागली.

पुढच्या हिवाळ्यात कापडवाला रांगेत उभा राहिला. वैद्यानं विचारलं, "कसं दिसतं?"

"अंधुक, पण दिसतं. माझ्याहून अडलेला कुणी असला तर त्याला आधी घ्या."

त्या वर्षी तसे चौघेच निघाले. पाचवं औषध त्याला मिळालं.

तात्पर्य: आधी कोण आलं यापेक्षा जास्त कोणाचं अडलंय ते पाहावं, आणि ज्याला थांबता येतं, त्यानं खुशीनं थांबावं.