खाणीच्या तोंडाशी दोन मिनिटं

"मग तिला उचलून बाजूला न्यायचं की नाही, तेवढं सांगा."

पुंडलिक आवारीचा आवाज चढला होता. लतीफबाबा फकीर आपल्या तकियाच्या, म्हणजे झोपडीवजा मठीच्या, ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

"कोणाला?"

"गिरजाबाईला. उद्या खाणीच्या अपघाताला सहा वर्षं होतात. अकराला भोंगा वाजतो, अख्खं गाव दोन मिनिटं गप्प उभं राहतं. अन् ही बाई खाणीत उतरलेल्या त्या लोखंडी पाइपावर दगड ठोकत बसते. मेलेल्या सतरा जणांचा मान नको राखायला?"

"तिचं कोण गेलं?"

"नवरा."

"तुझं?"

"माझं... कोणी नाही. पण समितीचा अध्यक्ष आहे मी. आणि मौनाची महती तुम्हीच शिकवलीत, बाबा."

"पाइप का ठोकते?"

"तेव्हाची सवय. खाली अडकलेले पाइप ठोकायचे. वरून उत्तर गेलं की त्यांना कळायचं, वर माणसं आहेत."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी पाणी भरायला लागलं. साहेब म्हणाले, आता उपयोग नाही. मी मुकादम होतो. बायकांना मीच मागे हटवलं. गिरजाबाईच्या हातातला दगड मीच काढून घेतला."

"खालचं ठोकणं थांबलं होतं?"

पुंडलिक जायला वळला.

"पुंडलिक..."

"नाही, बाबा. संध्याकाळपर्यंत चालू होतं."

बाबांनी तेलाची वाटी बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. गावाने माना खाली घातल्या.

ठण... ठण...

समितीचे दोघे गिरजाबाईकडे निघाले. तेवढ्यात काठी टेकत लतीफबाबा आले आणि तिच्याशेजारी मातीत बसले. त्यांनी हात पुढे केला. तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, आणि दगड दिला.

बाबांनी तीनदा ठोकलं. मग पाइपाला कान लावला.

ते दोघे जागीच थांबले. आता खरोखरच कुठे आवाज नव्हता. कान लावून बसलेल्या त्या म्हाताऱ्याकडे सगळं गाव बघत होतं.

पुंडलिकला ते सहन होईना. रांग मोडून तो धावत आला.

"उठा, बाबा. काय ऐकता? खाली कोणी नाही आता..."

बाबांनी दगड त्याच्यापुढे धरला.

"मग भितोस कशाला? ठोक."