अडकित्त्यांची नाकेबंदी

खडकगडच्या नाक्यावर सारजाची अडकित्त्यांनी भरलेली गाडी अडली!

सारजा ही मैनाजी लोहाराची लेक. बापलेकीच्या भट्टीतले अडकित्ते घाट उतरून शेजारच्या सागरपूर राज्यात जात आणि तिथे हातोहात खपत. आणि आज नाकेदार हैबती मिशीला पीळ देत म्हणत होता, "फीर मागं! लढाईत उपयोगी पडेल अशी कुठलीही वस्तू राज्याबाहेर जाणार नाही. महाराजांचा हुकूम आहे!"

"अहो, अडकित्त्यानं कोण लढतं?"

"ते सेनापतींना विचार!"

झालं होतं असं, की सेनापती रणनवरे सुपारी कातरता कातरता गप्पांत रंगले आणि त्यांचं बोटच अडकित्त्यात सापडलं. गडाच्या पायथ्याला ऐकू जाईल अशी किंकाळी! बोटाला चिंधी गुंडाळून ते तसेच दरबारात धावले.

"महाराज, हे भयंकर हत्यार आहे! उद्या सागरपूरच्या सैन्यानं आपल्या एकेका शिपायाचं बोट धरलं, तर तलवार कोण उचलणार?"

गंभीरराव महाराज मुळात हट्टी, त्यात संशयी. हुकूम सुटला! अडकित्त्यापाठोपाठ लाटणी अडली, कारण लाटणं डोक्यात घालता येतं. तिखट अडलं, कारण ते डोळ्यांत फेकता येतं. बाळंतिणीसाठी निघालेले डिंकाचे लाडूसुद्धा अडले. हैबतीनं त्यातला एक भिंतीवर मारून पाहिला, तर भिंतीचा पोपडा उडाला!

महिना झाला, भट्टी थंड पडत आली. तेव्हा सारजा पदर खोचून थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, असा पहारा काही कामाचा नाही."

महाराजांचा चेहरा लालबुंद.

"कामाचा नाही? माझ्या नाक्यातून मुंगी सुटत नाही! एवढी शहाणी आहेस, तर पैज लाव. लढाईच्या उपयोगाची एक तरी वस्तू नाक्यापलीकडे नेऊन दाखव. लपवायची नाही, लाच द्यायची नाही, पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत न्यायची! जमलं तर हुकूम मागे. नाही जमलं तर तुझ्या भट्टीला कायमचं कुलूप!"

"कुठलीही वस्तू चालेल?"

"कुठलीही!"

सारजानं मुजरा केला. बाहेर आल्यावर मात्र ती डोकं खाजवत घराकडे निघाली. लपवायची नाही म्हणजे न्यायची तरी कशी? विचार करत ती भट्टीपाशी पोचली, तर दारातच महाराजांची लाडकी तोफ उभी. चाकाला नवी लोखंडी धाव बसवायला आणलेली, काम होऊन तयार. सारजा तोफेकडे बघत राहिली आणि हळूहळू तिच्या गालाला खळी पडली.

"बाबा, बैल जुंपा!"

"कशाला?"

"तोफेला!"

बेत ऐकून मैनाजीला घाम फुटला. "पोरी, फासावर चढवशील मला!"

"तुम्ही नुसते बैल हाका. कुणी विचारलं, तर खरं तेच सांगा."

सारजा अडकित्त्यांची पाटी डोक्यावर घेऊन पुढे निघाली आणि मागून मैनाजी तोफ घेऊन. नाक्यावर पोचताच सारजा ओरडली, "अडकित्ते आणलेत हो, अडकित्ते!"

सगळे पहारेकरी भाले सरसावून तिच्याभोवती गोळा झाले. कुणी धार बघतोय, कुणी वजन करतोय. हैबतीनं तर पुरावा म्हणून स्वतःची करंगळीच घातली. "आई गं! मेलो!"

एवढ्यात मागून बैलांच्या घंटा वाजल्या. करंगळी तोंडात धरून हैबती ओरडला, "ए म्हाताऱ्या, वाटेत काय उभा राहिलास? हे काय आणलंयस?"

"तोफ आहे जी," मैनाजी चाचरत म्हणाला.

"ते दिसतंय! आत अडकित्ते लपवलेत का?"

एका पहारेकऱ्यानं तोफेच्या तोंडात मुंडकं घालून पाहिलं. "अडकित्ते नाहीत, नाकेदार!"

"मग जा की पुढं! वाट अडवू नकोस!"

आणि तोफ धडधडत नाक्यापलीकडे गेली!

सारजा पलीकडे जाऊन बापाला भेटली आणि तशीच दरबारात परतली. मागोमाग करंगळी बांधलेला हैबती धावत आला. "महाराज, फत्ते! सगळे अडकित्ते पकडले. एकही सोडला नाही!"

"शाबास! हरलीस की नाही, सारजा?"

"एक अडकित्तासुद्धा गेला नाही, महाराज. तेवढी तुमची तोफ गेली."

"तोफ?" महाराज सिंहासनावरून ताडकन उठले. "माझी तोफ? शत्रूच्या हाती?"

"छे! सागरपूरवाल्यांनी ती घेतलीच नाही. म्हणाले, तोफ घेऊन काय करू? अडकित्ते कुठं आहेत? लोक दातांनी सुपाऱ्या फोडतायत! बाबा पलीकडे आंब्याखाली बसलेत, तोफेला टेकून भाकरी खातायत."

महाराज हैबतीवर कडाडले, "तुझे डोळे कुठं होते?"

"अडकित्त्यांवर, महाराज! हुकूमच तसा होता!"

सारजा हात जोडून म्हणाली, "त्याला बोल लावू नका. त्याला बिचाऱ्याला डोळे दोनच! ते लाडवावर ठेवायचे की तोफेवर, एवढं तुम्ही एकदा ठरवा, महाराज!"

महाराजांचे ओठ थरथरले, पोट हललं आणि ते असे खदाखदा हसले, की डोक्यावरचा मंदिल घसरून नाकावर आला.

"हुकूम मागे! आता सांग, नाक्यावर अडवायचं तरी काय?"

"तोफा, बारूद आणि तोफा ओतायचे साचे. बाकीचं जाऊ द्या पोटापाण्याला!"

"मान्य! आणि आजपासून तोफखान्याची लोहारकी तुझ्याकडे! रणनवरे, जा, आधी तोफ परत आणा!"

सेनापती दारापर्यंत गेले आणि घाबरत मागे वळले. "पण महाराज, नवा हुकूम नाक्यावर पोचायचाय अजून. पहारेकऱ्यांनी मलाच अडवलं तर?"

सारजा म्हणाली, "निर्धास्त जा, सेनापती! ते फक्त लढाईत उपयोगी पडणाऱ्यालाच अडवतात!"

महाराजांना पुन्हा हसू आवरेना. डोळे पुसत पुसत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि सारजाच्या मनगटात घातलं.