झाकलेले ताट आणि निनावी जाळे

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूंकडे आली, ती शिकायला नव्हे, तर दाखवायला.

गुरू म्हणजे अभियांत्रिकी महाविद्यालयात आयुष्यभर संगणकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी, एका अरुंद गल्लीत त्या एकट्या राहत असत. शिष्या त्यांच्या शेवटच्या वर्गातली. ती हुशार होती, आणि कायम घाईत असे. मोठी माणसे ‘बघू’ म्हणतात तेव्हा ती काहीच बघत नाहीत, असा तिचा अनुभव होता आणि तो तिने कुणापासून लपवलाही नव्हता.

तिने एक निनावी जाळे रचले होते. या जाळ्यातून निरोप पाठवला की तो कुणी पाठवला, हे कुणालाही कळू नये, अशी त्याची योजना होती. मधे कुठल्या मोठ्या कंपनीचा संगणक नव्हता. जाळ्यातले साधे सभासदच एकमेकांचे निरोप आपापल्या संगणकावरून पुढे नेणार होते. निरोपावर एकावर एक अशी तीन कुलपे असत. वाटेतला प्रत्येक सभासद आपल्या वाट्याचे एकच कुलूप उघडे. निरोप कुणाकडून आला आणि पुढे कुणाकडे द्यायचा, एवढेच त्याला समजे. मूळ कुठले आणि शेवट कुठे, हे दोन्ही एकट्या कुणालाच ठाऊक नसे.

हे सारे तिने हौसेने केलेले नव्हते. तिची एक मैत्रीण त्याच नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या रसायनाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होती. कारखान्याचे पाणी शुद्ध न करताच नदीत सोडले जाते, याचे पुरावे तिच्याजवळ होते, आणि खालच्या गावांतली मुले तेच पाणी पीत होती. पुरावे वर्तमानपत्राकडे पोहोचवायचे होते. पण मैत्रिणीचे वडीलही त्याच कारखान्यात होते आणि राहते घर कारखान्याच्या वसाहतीतले होते. नाव फुटले असते, तर दोघांची नोकरी आणि डोक्यावरचे छप्पर एकदमच गेले असते. मैत्रीण येत्या सोमवारी पुरावे पाठवणार होती.

बाईंनी सगळी रचना शांतपणे पाहिली. कुलपे उत्तम आहेत म्हणाल्या. मग विचारले, की सभासद कोण कोण आहेत.

इथे शिष्येचा चेहरा उजळला. तिने ऐऱ्यागैऱ्याला घेतलेच नव्हते. ज्यांना खरोखर गुप्ततेची गरज आहे अशी, पारखून घेतलेली मोजकी माणसे होती. एका विश्वासू संगणकाची उणीव होती, ती बाईंनी भरून काढावी, एवढीच तिची विनंती होती.

“देईन,” बाई म्हणाल्या. “आधी माझं एक काम कर.”

त्यांनी स्टीलचे एक ताट घेतले, स्वयंपाकघरात नेऊन त्यात काहीतरी ठेवले, वर क्रोशाचा रुमाल घातला आणि तो खाली गाठ मारून बांधून टाकला. हे ताट गल्लीच्या दुसऱ्या टोकाला टिपणीसांकडे द्यायचे. आत काय आहे आणि ताट कशासाठी चालले आहे, याची चर्चा गल्लीत होता कामा नये.

शिष्येला हसू आले. तीन कुलपांचे जाळे रचणाऱ्या मुलीला ही परीक्षा! ती ताट घेऊन निघाली.

दिवस साधा होता, ना सण ना वार. पहिल्याच ओट्यावर घैसासकाकू मेथी निवडत बसल्या होत्या. ताट बाईंकडचे का, आणि आज काय विशेष, असे त्यांनी विचारले. शिष्या न थांबता पुढे गेली. पुढे वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली. कुणी रुमालाला हात लावला नाही, कुणी वाटही अडवली नाही. फक्त ती टिपणीसांच्या दारात शिरेपर्यंत सगळ्या गल्लीचे डोळे तिच्या पाठीवर होते.

ती परतली तेव्हा घैसासकाकू तिच्याआधीच बाईंच्या दारात पोहोचल्या होत्या.

“टिपणीसांच्या मुलाचं जमवलंत म्हणे,” त्या म्हणत होत्या. “मुलगी हीच का? बरी आहे हो. जरा तुसडी वाटते, पण लग्नानंतर सुधारतात.”

बाईंनी त्यांना कसेबसे वाटेला लावले. शिष्या संतापाने लाल झाली होती. ताटात होते काय, असे तिने विचारले. दोन लिंबे आणि परसातला कढीपत्ता, असे उत्तर मिळाले.

“रुमाल कुणी उचलला?” बाईंनी विचारले.

“कुणी नाही. आणि त्यांना कळलं तेही धडधडीत खोटं.”

“टिपणीसांच्या मुलाला छळायला ते पुरेसं आहे. आता महिनाभर त्याला प्रत्येक जण विचारेल. एखाद्याचं नुकसान करायला खरं कळावं लागतं असं थोडंच आहे? ताट कुठून निघालं आणि कुठे गेलं, एवढं दिसलं की पुरतं. तुझी मैत्रीण सोमवारी काय पाठवते, हे मालकाला वाचता येणार नाही. पण वसाहतीतलं इंटरनेट कारखान्याचंच; तिथल्या कुठल्या घरातून तुझ्या जाळ्याकडे वाट जाते, एवढंच तो विचारेल. अशी घरं किती असतील?”

शिष्येने मनात मोजून पाहिले. वसाहतीत असे घर एकच होते.

 मग करायचे काय, असे तिने विचारले. दिवाळीत परत ये, असे बाई म्हणाल्या, आणि तिचा तोल सुटला.

“थांब म्हणण्यापलीकडे तुमच्या पिढीला काही येतं का, बाई? तुम्ही दिवाळीपर्यंत थांबाल. पाणी थांबणार आहे का?”

  शिष्या तणतणत गेली. मात्र घरी पोहोचण्याआधी तिने मैत्रिणीला फोन करून सोमवारचे रद्द करायला सांगितले.

दिवाळीत ती आली, तीही घुश्शातच. बाईंनी पुन्हा ताट भरले, रुमाल बांधला आणि पुन्हा टिपणीसांकडेच धाडले. या वेळी ती गल्लीत उतरली आणि क्षणभर थबकली. गल्लीभर ताटेच ताटे चालली होती. लहान मुली दोन्ही हातांनी ताट सावरत पळत होत्या, जावई मंडळी उगाच अवघडून ताटे धरून उभी होती. घैसासकाकूंनी शिष्येकडे पाहिले, “आलीस का गं” म्हणाल्या आणि दुसऱ्याच दारात शिरल्या. वर्तमानपत्रवाल्या गृहस्थांनी मान वरसुद्धा केली नाही. टिपणीसांच्या बायकोने ताट रिकामे केले आणि रीतीप्रमाणे दुसरे काही भरून परत दिले, कारण रिकामे ताट परत पाठवण्याची पद्धत नाही.

परत आलेल्या ताटात रव्याचा एक लाडू होता. बाईंनी तो अडकित्त्याने फोडून पाहिला. फुटला नाही.

“हा मला परवा घैसासांकडून आला होता,” त्या म्हणाल्या. “मी निमकरांकडे सरकवला. त्यांनी टिपणीसांकडे सरकवला असणार. कुणी केलाय, हे गल्लीत आजवर कळलेलं नाही. घैसासांना विचार, त्या म्हणतील आम्हालाही कुठूनसा आला. खऱ्याच बोलत असतील. किंवा त्यांचाच असेल.”

शिष्येला राग धरून ठेवणे जमेना. ती हसली.

मग बाई समजावू लागल्या. “तू कुलपं नीट केलीस, पण गल्ली रिकामी ठेवलीस. ज्याच्याजवळ गुपित आहे त्यालाच आत घ्यायचं असा नियम केलास, म्हणजे आत पाऊल टाकणं हाच कबुलीजबाब झाला. रुमालानं ताटातला जिन्नस झाकतो. ताट नेणाऱ्याला रुमाल झाकत नाही, त्याला इतरांची ताटं झाकतात. ज्यांना लपवायचं काही नाही, अशी माणसं तुला हवीत. आणि ती गुप्ततेसाठी येणार नाहीत, गं. ती फराळासाठी येतील.”

शिष्येने परत आलेले ताट उचलून मांडीवर घेतले. बाईंना वाटले, बोध झाला. पण तिच्या कपाळावरची आठी गेली नव्हती.

“हे अर्धंच झालं,” ती म्हणाली. “दिवाळी चार दिवसांची. पाचव्या दिवशी ताट नेलं की काकू पुन्हा दारात. माझ्या जाळ्यात दिवाळी संपताच कामा नये. प्रत्येकाच्या घरून सारख्या आकाराचं ताट ठरावीक वेळानं निघालंच पाहिजे, द्यायला काही असो वा नसो. नसेल तेव्हा आत भुसा भरू, पण ताट निघेल. मग खरं ताट कधी गेलं, हे शेजाऱ्याला कसं कळणार?”

बाई ऐकत राहिल्या. इतकी वर्षे हा विषय शिकवूनही आपल्या दृष्टांताची ही बाजू त्यांच्या ध्यानात आली नव्हती. त्यांनी तसे सांगितले.

“आणखी एक,” शिष्या म्हणाली. “मला थांबायला लावलंत, आता तुम्हीही कामाला लागा. माणसं मी कुठून आणू? मी तर तुसडी.”

मग ती जुनी रचना मोडून नवी करायला बसली. जाळे फोनवर चालेल असे केले. फोन चार्जिंगला लावलेला असला की तो इतरांची ताटे वाहू लागे. त्याला नाव द्यावे लागत नसे, नंबरही मागितला जात नसे, आणि मधेच जाहिरात येत नसे. आत काय पाठवायचे, तर जे सगळे जगात पाठवतात तेच: नातवाचे फोटो, भजने, शाळेचा गृहपाठ, क्रिकेटवरची भांडणे.

संक्रांतीला बाईंनी हळदीकुंकू केले. कुंकू लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या असा भेद न करता सगळ्यांना बोलावले, नदीच्या वरच्या वसाहतीतल्या ओळखीच्या बायकांनाही. प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी वाण म्हणून प्रत्येकीच्या फोनवर ते जाळे बसवून दिले. तुमचा फोन दुसऱ्यांचे बंद निरोपही वाहील आणि ते कुणाचे, काय, हे तुम्हाला कळणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यावर कुणी हरकत घेतली नाही. घैसासकाकूंनी मात्र, काही कळणारच नसेल तर मजा काय, असे विचारले, आणि सगळ्यांत जास्त बायकांना त्यात ओढले ते त्यांनीच. तिळगूळ वाटावा तसे ते जाळे घरोघर गेले. वसाहतीत तर चाळीच्या चाळी त्यावर आल्या. रात्रपाळीचे कामगार त्यावर पाळ्यांची अदलाबदल ठरवू लागले.

शिष्येने मैत्रिणीला, आता पाठव, असे सांगितले नाही. जाळे तयार आहे, एवढे मैत्रिणीला ठाऊक होते. त्यापुढचे ठरवणे तिचे होते.

शिमग्याच्या सुमारास पुरावे वर्तमानपत्रात छापून आले, निनावी जाळ्यातून मिळाले अशा उल्लेखासह. पाण्याचे नमुने घ्यायला सरकारी माणसे आली आणि कारखान्याचा नदीतला नळ बंद झाला. मालक खवळला. त्याने संगणकाचा जाणकार बोलावला आणि आपल्यापैकी त्या निनावी जाळ्यावर कोण कोण आहे, ते काढायला सांगितले. ही हकिगत पुढे वसाहतभर झाली. जाणकार म्हणाला होता, “साहेब, कोण नाही ते विचारा, लवकर होईल. तुमच्या बंगल्यावरसुद्धा आहे. वहिनीसाहेब लोणच्याच्या कृती पाठवतात.” तो निरोप मालकाच्याच घरातल्या फोनवरून पुढे गेला असेल काय? असेलही. ते मालकाला कळणे शक्य नव्हते, आणि जाळे रचणाऱ्या शिष्येलाही नव्हते.

तिने मैत्रिणीला फोन केला. तिची नोकरी शाबूत होती, वडिलांचीही, आणि दोघे त्याच घरात जेवायला बसत होते. शिष्येने तिचे कौतुक करायला तोंड उघडले, तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, “अगं, पण मी पाठवलंच नाही. मी आज-उद्या करत होते, तोवर आणखीच कुणीतरी पाठवलं.”

शिष्या तशीच बाईंकडे आली आणि घडले ते सांगितले. बाई ओट्यावर बसल्या होत्या. 

“खरं बोलत असेल का गं ती?”

शिष्येला एरवी असल्या प्रश्नाची उत्सुकता आवरली नसती. सगळे पारखून, खात्री करून घेण्यातच तिचा जन्म गेला होता. आज मात्र ती बाईंच्या शेजारी टेकली आणि कितीतरी महिन्यांनी तिने पाय लांब केले.

“ते मी विचारायचं नाही, बाई,” ती म्हणाली. “आणि तुम्हीसुद्धा.”

बाईंनी मान डोलावली.

एकट्याचे गुपित राखायचे असेल, तर नुसत्या भिंती उंच करून भागत नाही, शेजार वाढवावा लागतो.