रुपेरी इंजिन आणि खवट तूप

एकदा एका शिष्याला जुन्या मोटारीचा मोह जडला. शिष्य म्हटल्यावर कुणी कोवळा बटू डोळ्यांसमोर आणू नये. हा पन्नाशीला टेकलेला, चष्मा लावणारा गृहस्थ होता. दर गुरुवारी तो एका वृद्ध गुरुजींच्या प्रवचनाला पहिल्या रांगेत बसे, अनासक्तीचा विषय निघाला की मान डोलवी, आणि घरी आल्याबरोबर मोटारीवरची धूळ रुमालाने टिपत राही. मनुष्य असाच असतो. आपण त्याला फार हसू नये, थोडे हसावे.

मोटार चालत होती, पण तिचे इंजिन तेलाने आणि काजळीने माखले होते. ते घरीच, स्वहस्ते स्वच्छ करून रंगवायचे, असा शिष्याने संकल्प केला. पडवीत गोणपाट अंथरले गेले. रॉकेल आले, तारेचा ब्रश आला, पॉलिश पेपर आला, उष्णतेला टिकणारा रुपेरी रंग आला. एकेक भाग सुटा होऊन घासला जाऊ लागला. येथवर सारे ठीक होते. परंतु इंजिनाच्या डोक्यावर जे झाकण असते, ज्याला मेकॅनिक लोक टॅपेट कव्हर म्हणतात, ते रंगवून भट्टीत भाजले तर रंग पक्का बसतो, असे त्याने कुठेतरी ऐकले. घरात भट्टी नव्हती, पण पत्नीचा ओव्हन होता. पत्नी बाजारात गेल्याची संधी साधून त्याने ते झाकण ओव्हनमध्ये उत्तम भाजून काढले.

दुसऱ्या दिवशी त्याच ओव्हनमध्ये पत्नीने भिशीच्या बायकांसाठी नानकटाई केली. पहिला तुकडा तोंडात टाकताच एकीने विचारले, “अगं, घर रंगवायला काढलंयस का?” बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या.

बायका गेल्यावर पत्नीने नवऱ्याला विचारले, “अहो, ओव्हनमध्ये काही ठेवलं होतंत का?”

सत्यावरची कितीतरी प्रवचने कोळून प्यालेला हा पुरुष जरासा घुटमळला आणि म्हणाला, “छे! तुझं तूपच खवट असेल.”

तूप तिचे होते. घरच्या सायीला विरजण लावून, घुसळून, स्वतः उभे राहून कढवलेले. भिशीतल्या बायकांचे हसणे तिने एकवेळ सोसले असते, पण आपले तूप खवट निघावे हे तिला फार लागले. तिने नवऱ्यावर विश्वास ठेवून सगळी बरणी ओतून टाकली. मग ओव्हनचा ट्रे घासायला घेतला, तर त्याच्या कडेला रुपेरी रंगाचा ओघळ. तिने बॅग भरली आणि माहेरी निघून गेली. मला विचाराल तर बाई फार सौम्य.

शिष्य पिठलं-भात खात राहिला आणि रंग देत राहिला. शेवटी एके दिवशी मेहुण्याचा फोन आला. “दाजी, ताई उद्या माझ्याबरोबर बडोद्याला येतेय. किती दिवस, ते काही बोललेली नाही.” शिष्याने फोन ठेवला. ही आता परत येणारच नाही, अशी भीती त्याला प्रथमच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तिला आणायला निघाला. बॉनेटखाली इंजिन पोळ्याच्या बैलासारखे सजून उभे होते. त्याने किल्ली फिरवली. दिवे लागले, हॉर्न वाजला, इंजिन मात्र ढिम्म! त्याने देवाचे नाव घेऊन पाहिले, मग शिव्या देऊन पाहिल्या. अखेर तो पलीकडच्या आळीत गुरुजींकडे धावला. गुरुजींनी तरुणपणी गावोगाव प्रवचनाला जाताना एक म्हातारी जीप बाळगली होती आणि तिने त्यांना वाटेत पुष्कळ शिकवले होते. गुरुजींपुढे खोटे बोलण्याचा धीर नसल्यामुळे शिष्याने चालता चालता तुपाची हकिकतही सांगून टाकली.

“मग एसटीने जा की,” गुरुजी म्हणाले.

“नाही गुरुजी, गाडी न्यायलाच हवी. हे इंजिन एकदा पाहिलं की तिचा राग जाईल.”

“लोखंड बघून कुणाचा राग गेल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही,” गुरुजी म्हणाले. मग इंजिनाकडे पाहत त्यांनी विचारले, “काम सुरेख केलंयस. बरं, तिला सांगणार काय?”

शिष्याने ते पाठच केले होते. त्याने घसा साफ केला. “संसाररथाच्या वाटचालीत परिस्थितीवशात कधी गैरसमजाची धूळ उडते, तथापि उभयतांनी मोठ्या मनाने...”

“यात तूप कुठे आहे?”

“ते गैरसमजात आलं ना, गुरुजी.”

 गुरुजींनी एक सुरी आणि पाना मागवला. मोटारीच्या सांगाड्यातून बॅटरीची वीज पोचवणारी एक जाड वायर येऊन इंजिनाला टेकत होती. तिचा बोल्ट त्यांनी सोडवला, आणि बोल्टाखालचा तो झगझगीत रुपेरी रंग ते सुरीने खरवडू लागले.

“गुरुजी! अहो, हे काय करताय? तिथं मी रंगाचे तीन हात दिलेत!”

“दिसतंय मला,” म्हणत गुरुजी खरवडत राहिले. आतले काळपट लोखंड रुपयाएवढे उघडे पडल्यावर त्यांनी वायर त्यावर पुन्हा घट्ट आवळली. “फिरव किल्ली.”

इंजिन एका दमात सुरू झाले. 

गुरुजी हात पुसत म्हणाले, “बाबा रे, रंगाला नावं ठेवू नकोस. बाहेरून गंज येऊ नये म्हणून रंग लागतोच. पण जिथं एकानं दुसऱ्याला टेकायचं असतं, तिथं रंग मध्ये आला की झालं! टेकल्यासारखं दिसतं, पोचत मात्र काही नाही. तेवढी जागा उघडी ठेवावी लागते. ती चांगली दिसत नाही, मधूनमधून घासावीही लागते. आता तुझं ते भाषण सुरीखाली घाल आणि नीघ.”

दुपारी शिष्य सासुरवाडीला पोचला. पत्नी बॅग घेऊन ओसरीवरच बसली होती. त्याला पाहून ती उठली नाही.

“संसाररथाच्या...” त्याने सुरुवात केली. तिने भुवई वर केली. तो थांबला. 

“तूप चांगलं होतं,” तो म्हणाला. “ओव्हनमध्ये मी टॅपेट कव्हर भाजलं. आणि खोटं बोललो.”

 तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते लपवायला तिने आवाज चढवला. “अख्खी बरणी ओतली हो मी! तुमच्यावर विश्वास ठेवून!”

“हो,” तो म्हणाला. पुढे त्याने काहीच जोडले नाही.

“ओव्हन नवा घ्यायचा,” ती म्हणाली आणि आत वळून भावाला तिकीट रद्द करायला सांगून आली. मग तिने बॅग मोटारीच्या मागच्या सीटवर टाकली आणि पुढे येऊन बसली.

बॉनेट उघडून दाखवू का, असे शिष्याच्या अगदी ओठांवर आले होते. ते त्याने गिळले आणि गाडी घराकडे वळवली.