दरवानाचं ताट

फार जुनी गोष्ट आहे, दिवेलागणीला गडांचे दरवाजे बंद होत तेव्हाची. एका गडावर एक लठ्ठ दरवान होता. पायऱ्या चढताना त्याला धाप लागे, गुडघे कुरकुरत. शेवटी किल्लेदाराने सुनावलं, "वजन उतरव, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

बिचारा वैद्यबुवांकडे गेला. त्यांनी कडू काढा दिला आणि बजावलं, "याने भूक मरेल. तरी जेवण चुकवायचं नाही. थोडं थोडं खा, पण मुगाचं वरण, दही, अंडं रोज पोटात गेलंच पाहिजे. पाणी घोट घोट पीत राहा. आणि मळमळलं तर लपवू नकोस, मला सांग. काढा कमी करू."

काढा लागू पडला. दरवानाचं वजन उतरू लागलं, गडावर त्याचं कौतुक होऊ लागलं. मळमळ मात्र सारखी होत होती. वरणाचा वाससुद्धा नको वाटे. पण सांगितलं तर काढा कमी होईल, या धास्तीने तो गप्प बसला. बायकोने वाढलेलं ताट तो गुपचूप आपल्या कुत्र्यापुढे सरकवी.

"मालक, हे तुमच्या वाट्याचं आहे," कुत्रा म्हणे.

"खा रे बाबा. मला बघवतही नाही."

कुत्राच तो, नको तरी किती वेळा म्हणणार? खाऊन खाऊन तो गोल झाला. इकडे दरवानाला बसलं की उठवेना, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येई. सदा थकलेला. तरी कोणी "काय सडपातळ झालास!" म्हटलं की त्याला बरं वाटे.

एका संध्याकाळी रानातून बिबट्या वर आला. दरवाजा लावायला दरवान त्याला भिडला. पूर्वी जो दरवाजा तो एका खांद्याने लोटत असे, तो आता तसूभर हलेना. बिबट्या आत शिरला. कुत्रा मालकाच्या पुढे उभा राहून भुंकला, मग पळायला वळला. पण त्या जड देहाला पळवेना.

बिबट्या त्याला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दरवानाने वैद्यबुवांना सगळं रडत सांगितलं. ते रागावले नाहीत. काढा निम्म्यावर आणला, मळमळीला आलं-लिंबू दिलं.

त्यानंतर तो रोज वाटीभर वरण खाई. भूक नसे, घास तोंडातल्या तोंडात फिरे. मधेच सवयीने हात ताट सरकवायला जाई, आणि पुढ्यात कोणी नसे.

तर लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: औषधाने भूक जाते, अन्नाची गरज जात नाही.