वाकलेले चेअरमन

पिंपळोली दूध संघाच्या रौप्यमहोत्सवासाठी पहिल्या वर्षीची फिल्म मोठ्या रुंद पडद्यावर दाखवायची होती. काम एडिटर हेमांगी कुंभारकडे आलं. फिल्म पडली जुनी, चौकोनी. रुंद पडद्यावर तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसू लागल्या.

"शुभकार्यात काळं नको," चेअरमन विश्वासराव भोईटे म्हणाले. हेमांगीने चित्र आडवं ताणून दाखवलं, तर फिल्ममधले विश्वासराव रांजणासारखे दिसू लागले.

"मग पडदा भरायला वरून नाहीतर खालून कापावं लागेल," ती म्हणाली.

विश्वासरावांचे डोळे चमकले. फिल्ममध्ये संस्थापक कृष्णाबाई थोरबोले ताठ उभ्या होत्या आणि तरुण विश्वासराव वाकून त्यांच्या पाया पडत होते. पुढे त्यांनीच बाईंना संघाबाहेर काढलं होतं.

"वरूनच काप. बाईंचा चेहरा गेला तरी चालेल. जमत नसेल तर दुसरा एडिटर बघतो."

हेमांगीच्या आईला पहिली म्हैस याच बाईंनी मिळवून दिली होती.

"कापते की साहेब," ती शांतपणे म्हणाली. "पण मग पडद्यावर तुम्ही, एक लुगडं आणि दोन पाय एवढंच उरेल. तुम्ही नेमके कोणाच्या पाया पडत होता, ते गाव आपापल्या मनाने ठरवील."

विश्वासरावांनी फिल्मकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग पुटपुटले, "राहू देत पट्ट्या."

समारंभात कृष्णाबाई पडद्यावर अख्ख्या दिसल्या आणि सारा मंडप उभा राहून टाळ्या वाजवू लागला. व्यासपीठावर विश्वासरावांनी नम्रपणे हात जोडले.